जांभूळ खानदेशात तगतं कसं

मे महिन्यात रावेरकडून पालच्या रस्त्याला लागलं की समोरचा सातपुडा करडा दिसतो. सागानं पानं टाकलेली असतात, सालईची पांढुरकी खोडं उघडी पडलेली असतात, धावड्याच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात. खाली सपाटीवर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. पण या करड्या उतारांतून मधेच एखादी हिरवी रेघ वळणं घेत खाली येते. ती ओढ्याची रेघ. ओढ्यात पाणी नसतं, गोटेच गोटे असतात. काठाला मात्र उंबर, करंज, अर्जुनसादडा उभे असतात, आणि त्यांच्यात सगळ्यात गर्द सावलीचं झाड असतं जांभळाचं. चोपडा-यावलच्या बोलीत जांभूय.

हे झाड इथे असावं, याचंच खरं तर नवल वाटायला हवं. जांभूळ ज्या कुळातलं, त्या कुळाचा ओढा ओल्या, बारमाही हिरव्या रानांकडे. लवंग त्याच्याच वंशातली. पेरू आणि निलगिरी जरा लांबचे नातलग. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथलं रान अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांच्या नावानंच अभ्यासक ओळखतात. जळगावचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याच्या पूर्व भागात त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांत उरकून जातो. उरलेले आठ महिने कोरडे, त्यातले तीन भाजून काढणारे. साग या दिवसांत पानं टाकून गप्प बसतो. जांभूळ पानं टाकत नाही. उलट याच दिवसांत ते फुलतं आणि फळं पोसतं.

थोडक्यात उत्तर असं की जांभूळ दुष्काळाशी झुंजत नाही. जिथे दुष्काळ पोचत नाही अशाच जागी ते उभं राहतं. ती जागा ते कशी गाठतं आणि तिथे वर्षभर काय करतं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे.

पहिल्यांदा पाणी. सातपुडा म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. काळा पाषाण स्वतः पाणी पीत नाही, पण त्याला भेगा असतात, दोन थरांच्या मधे ठिसूळ पट्टे असतात, वरचा भाग झिजून मुरूम झालेला असतो. पावसाचं पाणी या फटींतून उतरत उतरत शेवटी दरीच्या तळाशी येतं. म्हणून दिवाळीनंतर कधीतरी ओढा वाहायचा थांबला, तरी त्याच्या वाळूखाली आणि मुरमात ओल पुढचे कित्येक महिने हलत असते. पात्रात दोन-तीन हात झिरा खोदून प्यायचं पाणी काढणाऱ्या डोंगरातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. जांभळाचं मूळ तेच करतं, फक्त जास्त खोल जाऊन.

याच डोंगरावर दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे. अंजन. ते थेट खडकाळ, कोरड्या उतारावर उभं राहतं, मोसमानुसार पानं गाळतं, सावकाश वाढतं आणि लाकूड इतकं भरीव करतं की ते पाण्यात बुडतं. अंजन आणि जांभूळ यांच्यात हाकेचं अंतर असू शकतं. पण अंजन उतारावर आणि जांभूळ तळाला. अदलाबदल क्वचितच दिसते. सातपुड्यात फिरताना झाडांची नावं पाठ करण्यापेक्षा कोण कुठे उभं आहे हे पाहिलं, तर जमिनीखालचं बरंच काही कळतं.

वराहमिहिरानं सहाव्या शतकात हेच केलं होतं. त्याच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे जांभळापासून उत्तरेला तीन हातांवर, दोन पुरुष खोलीवर पाण्याची शीर सापडेल असं सांगितलं आहे. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढी खोली; म्हणजे सारं मिळून पंधराएक फूट. उत्तरेलाच का आणि तीनच हात का, या तपशिलावर मी पैज लावणार नाही. पण बारमाही हिरवं जांभूळ आपसूक उगवून मोठं झालं असेल तर पाणी फार खोल नाही, किंवा ते झाड लहान होतं तेव्हा तरी फार खोल नव्हतं, एवढा अर्थ त्यातून बिनधोक काढता येतो. या वाक्यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुढे यायचं आहे.

खानदेशात जांभूळ सगळीकडे सारखं नाही, तेही याच कारणानं. सातपुड्याच्या आतल्या दऱ्यांत, यावल अभयारण्याच्या ओढ्यांवर ते सहज भेटतं. हे अभयारण्य १९६९ सालचं; पाल, जामन्या, लंगडा आंबा ही त्यातली गावं. पण ओढा डोंगरातून बाहेर पडला की पायथ्याला दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा एक रुंद पट्टा लागतो. रावेरपासून चोपड्यापर्यंत आणि पुढे शिरपूरकडे तो पसरला आहे. या पट्ट्यात ओढ्याचं पाणी बघता बघता खाली मुरतं आणि फार खोल जातं. आपोआप उगवलेली जांभळं इथे विरळ होत जातात. पुढे दिसतात ती बहुतेक कुणीतरी लावलेली, विहिरीच्या धावेजवळची किंवा देवळाजवळची. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात, चाळीसगावच्या पाटणादेवीच्या दरीत आणि गौताळ्याच्या रानात पुन्हा ओढ्याकाठची सावली गर्द होते. धुळ्यात साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे, सह्याद्रीचं टोक पाऊस अडवतं, म्हणून तिथेही. मधला तापीचा, गिरणेचा, बोरीचा काळ्या मातीचा मुलूख मात्र बाभळीचा आणि निंबाचा.

आता झाडाचं वर्ष. जानेवारी-फेब्रुवारीत जांभळाला नवी पानं फुटतात. ती कोवळी असताना तांबूस-गुलाबी, मऊ आणि लोंबती असतात. दोन-तीन आठवड्यांत हिरवी आणि कडक होतात. जुनी पानं याच सुमारास गळतात, पण नवी आल्यावर किंवा येता येता, त्यामुळे झाड कधी उघडं पडत नाही. उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी नवं पान तयार करून ठेवायचं, असा हा हिशेब आहे. पान तोडून सूर्यासमोर धरलं तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगाळलं की जो उग्र, जरासा गोडसर वास येतो तो त्यांचा. कडेला समांतर धावणारी एक शीरही दिसेल. बाजूच्या सगळ्या बारीक शिरा तिला येऊन मिळतात. रानात जांभूळ ओळखायला ही एवढी खूण पुरते.

पानाचा वरचा पृष्ठभाग मेणचट आणि चकचकीत असतो. पाण्याची वाफ सोडणारी छिद्रं खालच्या बाजूला असतात. एवढी काळजी घेऊनही इतकी पानं मे महिन्याच्या झळा सोसतात म्हणजे पाणी खर्च होणारच. जांभळाखालची सावली निंबाखालच्या सावलीपेक्षा थंड वाटते, ती त्या खर्चामुळे. पान वाफ सोडतं, म्हणून गार राहतं. मुळाशी पाणी असेल तोवर हा व्यवहार चालतो. ते तुटलं की सदाहरित पान हीच झाडाला भोवणारी गोष्ट ठरते.

मार्चपासून फुलं येतात. ती फांदीच्या शेंड्याला येत नाहीत. पानांच्या मागे, जिथली गेल्या हंगामातली पानं गळून गेली आहेत तिथे, उघड्या काडीवर त्यांचे तुरे लागतात. फूल हिरवट पांढरं, लहान. पाकळ्या एकमेकींना चिकटून टोपीसारख्या बनतात आणि फूल उमलताना ती टोपीच गळून पडते. उरतो पुंकेसरांचा झुबका. रान कोरडं पडलेलं असताना हा मध आयता मिळतो, म्हणून आग्या माशा आणि सातेरी माशा झाडावर घोंघावत असतात. महाबळेश्वरचा जांभळाचा मध प्रसिद्ध आहे, तो याच फुलांचा. फुलं लाखांनी येतात आणि लाखांनी गळतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला झाडाखाली फुलांचा आणि मोहरीएवढ्या फळांचा सडा पडलेला दिसला, म्हणजे झाड आजारी आहे असं नव्हे. पोसता येतील तेवढीच फळं ते ठेवतं.

इथून पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ सगळ्यात खर्चाचा. जांभळाच्या गरात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, आणि हे पाणी फळात भरलं जातं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे खानदेशात जमिनीच्या वरच्या थरात ओलीचा टिपूसही नसताना. ओढ्याजवळचं झाड टपोरी फळं देतं आणि वरच्या बांधावरचं झाड बोराच्या बीएवढी, त्यात जातीचा भाग असतोच, पण या दोन महिन्यांतल्या पाण्याचाही असतो. फळ आधी हिरवं, मग गुलाबी, मग लाल आणि शेवटी काळपट जांभळं होतं. एका घोसात हे चारही रंग एकाच वेळी दिसतात.

त्यामुळे तोडणीचं सगळं गणित अवघड होतं. आंबा किंवा केळं तोडून ठेवलं तरी पिकतं. रावेरचा केळीवाला कच्चा घड दिल्लीला पाठवू शकतो तो त्यामुळेच. जांभूळ एकदा झाडावरून काढलं की त्याचं पिकणं तिथेच थांबतं. लाल काढलं तर लालच राहील, आणि तुरटच. म्हणून पिकलेली तेवढीच फळं वेचून काढायची, परत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच झाडावर चढायचं. पहाटे तोडतात, कारण उन्हानं तापलेलं फळ टोपलीत लगेच पाणी सोडतं. साल इतकी पातळ की बोटाच्या दाबानं फुटते. साध्या हवेत ते दोन-तीन दिवस टिकलं तर खूप. रान उतरून यावल, फैजपूर, चोपडा, शिरपूरच्या बाजारात पाट्या घेऊन बसणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी बायकांकडे सकाळी जो भाव असतो तो दुपारी का उतरतो, हे यातून कळतं. घासाघीस करणाऱ्यानं जरा हेही लक्षात घ्यावं: विकलं गेलं नाही ते फळ उद्या विकायचं नसतं, टाकायचं असतं.

खाताना जीभ खरबरीत होते ती टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. फळ जितकं पिकतं तितकं हे टॅनिन निष्प्रभ होतं आणि साखर वाढते. मीठ लावून खाण्याची पद्धत नुसती हौस नाही; मिठानं कडसरपणा दबतो आणि गोडी पुढे येते. जांभळा रंग सालीतल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. आंबट माध्यमात ते लालसर जांभळं असतं, साबण किंवा सोडा लागला की निळसर पडतं. शाळकरी पोराच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग साबण लावताच निळा होतो तो यामुळे. अशा डागावर आधी लिंबू चोळावं, साबण मागून.

आता बी. या झाडाची सगळी कहाणी खरं तर बीमध्ये आहे.

आपल्या भागातल्या बहुतेक रानटी झाडांचं बी वाट पाहू शकतं. बाभळीचं बी कित्येक वर्षं मातीत पडून राहील. सागाच्या टणक बीला उगवायला एखाद-दोन पावसाळेही लागतील. कोरड्या मुलखात ही धीराची सवय जीव वाचवते, कारण पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. जांभळाच्या बीला हा धीर नाही. ते झाडावरून पडतं तेव्हाच आतून ओलं आणि जागं असतं. वाळवून डब्यात ठेवायला गेलात तर आतल्या पेशीच मरतात. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक बिया निकामी होतात. ही ओल्या रानातली सवय. जिथे जमीन बारा महिने दमट, तिथे वाट कशाला पाहायची? पडा आणि उगवा.

अशी सवय घेऊन खानदेशात राहायचं तर वेळ चुकवून चालत नाही. म्हणूनच पिकण्याचा काळ पाहा: रोहिणी संपता संपता फळ काळं व्हायला लागतं आणि मृगाच्या पावसाबरोबर सडा पडतो. वटपौर्णिमेच्या वाणात जांभूळ असतं ते त्याच दिवसांत. पाऊस वेळेवर आला तर बी दहा-पंधरा दिवसांत कोंब टाकतं आणि पुढचे तीन महिने त्याला मुळं खाली न्यायला मिळतात. पाऊस तीन आठवडे लांबला तर उतारावर, बांधावर, रस्त्याकडेला पडलेलं सगळं बी वाळून जातं. वाचतं ते फक्त ओढ्याच्या काठचं, पालापाचोळ्याखालच्या ओलीत पडलेलं. म्हणजे झाड पाण्याजवळ उगवतं हे तितकंसं बरोबर नाही. पडतं ते सगळीकडे, पण पाण्याजवळचं तेवढं जगतं.

सगळीकडे पडतं ते खाणाऱ्यांमुळे. वटवाघळं फळ घेऊन लांबच्या फांदीवर जातात, गर चोखून बी टाकतात. उदमांजर, अस्वल, रानडुक्कर अख्खी फळं गिळतात आणि बिया विष्ठेतून बाहेर पडतात. कोकीळ आणि बुलबुलही हातभार लावतात. सातपुड्याच्या वाटेवर जूनमध्ये जांभळाच्या बियांनी भरलेली अस्वलाची विष्ठा दिसली तर पुढच्या वळणावर जरा आवाज करत जावं, एवढाच सल्ला.

याच बीचं दुसरं रूप पाहायचं तर परदेशात. माणसांनी जांभूळ अमेरिकेतल्या फ्लोरिडात आणि हवाई बेटांवर नेलं. तिथे ओल आहे, उकाडा आहे आणि फळ खाणारे पक्षीही आहेत. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बी उगवायला मोकळं. आज दोन्हीकडे जांभूळ घुसखोर झाड म्हणून गणलं जातं आणि ते काढून टाकण्यासाठी पैसा खर्च होतो. झाड तेच, बी तेच. फरक एवढाच की त्याला आवर घालणारा मे महिना तिथे नाही.

बीची आणखी एक गंमत रोप लावणाऱ्याला उपयोगाची आहे. एका बीतून बऱ्याचदा एकाऐवजी दोन, तीन, कधी चार-पाच कोंब येतात. त्यातला एखादाच परागीकरणातून आलेला. बाकीचे आईच्याच पेशींपासून तयार झालेले, म्हणजे तिची नक्कल. म्हणून चांगल्या झाडाच्या बीपासून चांगलं झाड यायची शक्यता जांभळात बरी असते. पण खात्री नाही, कारण कोणता कोंब कुठला हे पाहून सांगता येत नाही.

पहिला उन्हाळा ही खरी परीक्षा. जुलैत उगवलेलं रोप दिवाळीपर्यंत वीतभर वाढलेलं असतं. ओढ्याखालची ओल त्याच्या मुळापेक्षा जितक्या वेगानं खाली जाईल, त्याहून वेगानं मूळ खाली गेलं पाहिजे. पूर्वी ज्या ओढ्यात जानेवारीपर्यंत धार असायची त्यात ती दिवाळीलाच आटली, तर ही शर्यत रोपानं सुरू होण्याआधीच हरलेली असते. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षं ओळखले जातात. केळीला बारा महिने पाणी लागतं आणि कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या आहेत. डोंगराच्या आत अजून परिस्थिती बरी आहे. पायथ्याला मात्र जुन्या जांभळाखाली उभं राहून एक गोष्ट तपासावी: आसपास मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या खोडाची जांभळं आहेत का? श्रावणात नुकती उगवलेली रोपं शेकडो दिसतील, त्यांनी फसू नये. मधल्या वयाची झाडं नसतील तर ते जुनं झाड आपल्या तरुणपणीचं पाणी सांगतंय, आजचं नव्हे. वराहमिहिराच्या नियमाला आज जोडायची पुरवणी ती हीच.

मधुमेहाचं विचारल्याशिवाय जांभळाचा विषय खानदेशात संपत नाही, म्हणून थोडक्यात. बियांची पूड आयुर्वेदात आणि घरगुती औषधांत फार जुनी आहे; प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्यामुळे साखर उतरल्याचं दिसलं आहे. माणसांवरचा पुरावा तेवढा भरभक्कम नाही. फळ खावं, पूडही हवी तर डॉक्टरांना सांगून घ्यावी. चालू गोळ्या बंद करून मात्र घेऊ नये.

लाकडाकडे वळू. जांभळाचं लाकूड लालसर राखाडी, कठीण आणि बऱ्यापैकी जड. घनमीटरला सातशे-पावणेआठशे किलो, म्हणजे सागापेक्षा थोडं जास्तच. फर्निचरवाल्याला ते फारसं आवडत नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, रंध्याला दाद देत नाहीत, आणि घाईनं वाळवलं तर ते फाटतं, वाकतं. पण पाण्यात त्याची बरोबरी करणारी झाडं थोडी. उत्तर भारतात मैदानी मुलखात विहीर बांधताना तळाशी जांभळाचं गोल कडं बसवायची रीत होती. कडं जमिनीवर ठेवायचं, त्यावर विटांचं बांधकाम चढवायचं आणि आतली माती उपसत जायची. बांधकामाच्या वजनानं कडं आणि भिंत दोन्ही सावकाश खाली उतरतात. सातपुड्याच्या आणि धुळ्याच्या कातळात अशा कड्याची गरजच पडत नाही, खडकच भिंत होतो. गरज पडते ती तापीकाठच्या गाळात, जिथे खोदलेली बाजू ढासळते.

पाण्याखाली ते टिकतं याला दोन कारणं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. पूर्ण बुडालेल्या लाकडात ती पोचत नाही. शिवाय जांभळाच्या लाकडात आणि सालीत टॅनिन भरपूर, ते किडीला आणि बुरशीला मानवत नाही. कस लागतो तो पाण्याच्या रेषेपाशी, जिथे लाकूड आज ओलं, उद्या कोरडं होतं; तिथे आधी कुजणार हे नक्की. घरच्या टाकीत जांभळाचा ठोकळा टाकला की पाणी शुद्ध होतं, असा निरोप मोबाइलवर अधूनमधून फिरतो. ठोकळा कुजत नाही आणि टाकीचं पाणी शुद्ध होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बऱ्याच अंशी खरी. दुसरीसाठी क्लोरीनचे थेंब किंवा उकळणं याला पर्याय नाही.

बैलगाडीचे भाग, औतांची लाकडं, घराचे वासे यांत जांभूळ वापरलं जाई, आणि लाकडी स्लीपरांच्या काळात रेल्वेनंही ते वापरलं. आज तोडायचं म्हटलं तर नियम आडवा येतो. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडीविषयीच्या कायद्याला जी अनुसूची आहे तीत साग, मोह, आंबा, चिंच, फणस, अंजन यांच्याबरोबर जांभूळही आहे. म्हणजे झाड स्वतःच्या शेतात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. बांधावर लावण्याआधी हे माहीत असलेलं बरं. आणि माहीत असूनही लावावं, कारण तोडून मिळणाऱ्या लाकडापेक्षा उभ्या झाडाची दर जूनमधली पाटी कुठल्याही हिशेबात भारी पडते.

लावायचं कसं, तेही वरच्या सगळ्यातूनच निघतं. बीपासून लावायचं असेल तर फळ खाल्ल्या दिवशीच बी धुऊन पिशवीत टोचावं. पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. अशा झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात. कलम केलेलं रोप चार-पाच वर्षांत फळ धरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही टपोऱ्या फळांची जात. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण कोकणातलं फळ कोकणातल्या ओलीवर वाढलेलं असतं, हे विसरू नये. गुजरातमधल्या गोधऱ्याच्या केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राची ‘गोमा प्रियांका’ ही बुटकी जात कमी पावसाच्या भागासाठीच निवडलेली आहे, आणि गोधऱ्याची हवा आपल्याला जवळची आहे. मी निवडायचं म्हटलं तर खानदेशात हिलाच पहिली पसंती देईन.

जागा ओढ्याच्या, पाटाच्या किंवा शेततळ्याच्या झिरप्याची. पांझरेच्या काठी जुन्या फड पद्धतीचे बंधारे आणि त्यांचे पाट आहेत, त्यांच्या कडा यासाठी उत्तम. नुसत्या मुरमाड माळावर लावून मग टँकर मागवत बसू नये. तिथे अंजन किंवा निंब लावावा. जुलैत मीटरभर लांब-रुंद-खोल खड्ड्यात, शेणखत आणि पोयटा घालून, दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर ठेवून लावावं. पहिले दोन उन्हाळे ठिबकचं पाणी, आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि पश्चिमेच्या बाजूनं तट्टी किंवा तुराट्यांचा आडोसा, एवढं झालं तर रोप तरतं. पाणी रोज थोडंथोडं देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोलवर द्यावं, म्हणजे मूळ वर रेंगाळत नाही, ओलीच्या मागे खाली जातं.

आणि शेंडा वेळेवर छाटावा. जांभळाचं लाकूड विहिरीत पिढ्यान्पिढ्या टिकलं तरी जिवंत फांदी मोठी दगाबाज असते. जाड दिसते आणि माणसाच्या वजनानं कडकन मोडते. जूनमध्ये जांभळावरून पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडून तीन-चार फांद्या चारी दिशांना वाढू द्याव्यात आणि पुढे दर वर्षी तोडणी संपल्यावर उंची आवरत जावं, म्हणजे घोस शिडीवरून हाताला येतात. उरलेल्यांसाठी झाडाखाली जुनी साडी किंवा शेडनेट चार टोकांना बांधून ताणून धरावी आणि आकड्याच्या काठीनं फांदी हळूच हलवावी. पिकलेलं तेवढं खाली येतं, लाल आणि हिरवं झाडावरच राहतं.